कळपाची खरी स्थिती
शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २७:२३, १ शमुवेल १६:६-१३



आपल्या मेंढरांची स्थिती नीट जाणून घ्या, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. ही जाण नुसत्या नजरेने येत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

आपल्या देणग्यांतून हातकणंगले तालुक्यातील एका विधवा भगिनीला दोन दख्खनी मेंढ्या दिल्या होत्या. एक ३४ किलोची, भरदार. दुसरी २६ किलोची, बारीक चणीची. मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी एक विकायची वेळ आली, तेव्हा बारकी विका, असा सल्ला मी दिला. त्या म्हणाल्या, "दादा, बारकी खाती कमी, पण कोकरू तिचंच गुटगुटीत. आधी मोजून तरी बघू."

मग आम्ही ताणकाटा आणला. दोघी एकाच सुमारास व्यालेल्या, दोघींना एकेकच कोकरू. पावसामुळे त्या गोठ्यातच बांधलेल्या होत्या. रोज सकाळी चारा वजन करून घालायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला वजन करून वजा करायचा. उसाच्या ओल्या वाड्यात बराच भाग पाण्याचा असतो, म्हणून सगळा हिशेब वाळल्या चाऱ्याचा धरला. तीन महिन्यांत दोन्ही कोकरे प्रत्येकी ९ किलोंनी वाढली. मोठीने दिवसाला सरासरी १.४ किलो, तर बारकीने १.१ किलो खाल्ले. म्हणजे कोकराच्या एका किलो वाढीमागे मोठीला १४ किलो चारा लागला, बारकीला ११.

कारण सरळ आहे. मेंढीच्या खाण्यातला मोठा वाटा तिचे स्वतःचे शरीर पोसण्यातच जातो. शरीर मोठे, तसा हा खर्चही मोठा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. त्यातही हेच गणित आहे : एका आईचा पोसण्याचा खर्च दोन कोकरांवर वाटला जातो. मात्र चारा अपुरा पडला, तर जुळ्यांना दूध पुरत नाही.

मोजताना एक सावधगिरी हवी. कधी मेंढी कमी खाऊन स्वतःचे अंग झिजवते आणि कोकराला पाजते. असा हिशेब फसवा असतो. म्हणून कोकरासोबत आईचेही वजन करावे, तेही सकाळी चारा घालण्यापूर्वी. आमच्या बारकीचे वजन टिकून होते. तरी एका वेतावर निर्णय न घेता पुढच्या वेतालाही मोजले. फरक तसाच राहिला. मग मोठी विकली. अंगाने भरदार म्हणून तिला दरही चांगला मिळाला. बारकी आणि तिची पाठ आज त्या घरी आहेत.

इशायाच्या मुलांपैकी थोरल्याची उंची पाहून शमुवेल भुलला होता. देवाने निवडलेला धाकटा तेव्हा मेंढरे राखत होता. त्या भगिनीने मला तोच पाठ गोठ्यात शिकवला.

मननासाठी :
१. मदत देताना आपण काय पाहून निवड करतो?
२. ज्यांना मदत देतो, त्यांचे आपण ऐकतो का?

या कुटुंबांना आपल्या प्रार्थनेत आठवा.