दिवसाची ग्लानी आणि रात्रीचे ऋण

गीतेत अर्जुनास ठिकठिकाणी ‘गुडाकेश’ म्हटले आहे. निद्रा ज्याच्या अधीन आहे तो गुडाकेश, असा या नावाचा परंपरेने चालत आलेला अर्थ आहे. परंतु याच अर्जुनास सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात भगवंतांनी जी सूचना दिली आहे, तीत अतिनिद्रेबरोबर अतिजागरणाचा आणि अतिभोजनाबरोबर निराहाराचाही निषेध आहे. ज्याने निद्रा जिंकली त्यालाही जागरणाची मर्यादा सांगावी लागली, ही गोष्ट मननीय आहे. निद्रा अधीन असणे म्हणजे ती वेळेवर यावी व वेळेवर जावी. ती नाहीशी व्हावी असे नव्हे.

वाढलेले वजन उतरविण्याचा निश्चय आज अनेक गृहस्थ करतात. पहाटे साडेचारला उठावयाचे, तासभर वेगाने चालावयाचे किंवा सूर्यनमस्कार घालावयाचे, न्याहारी सोडावयाची आणि रात्रीचे जेवण निम्म्यावर आणावयाचे, असा नियम ते एकदम अंगीकारतात. पहिले आठ दिवस उत्साहात जातात. पुढे दुपारी कामावर डोळे मिटू लागतात, संध्याकाळी मुलांवर विनाकारण राग येतो, जपास बसावे तर मान खाली पडते. हा आपल्यातील तमोगुणच होय, असे समजून गृहस्थ स्वतःस दोष देतो व नियम अधिकच कडक करतो. महिन्या-दोन महिन्यांत नियम तुटतो, उतरलेले वजन परत चढते आणि आपल्या हातून काही होणे नाही अशी खूणगाठ मनाशी बसते. वजन परत येणे ही लहान हानी. संकल्पावरील विश्वास उडणे ही मोठी हानी होय.

येथे विवेकाची आवश्यकता आहे. चौदाव्या अध्यायात प्रमाद, आलस्य व निद्रा ही तमोगुणाची बंधने सांगितली आहेत, हे खरे. परंतु प्रत्येक ग्लानी तामस नसते. आलस्य आणि शरीराची थकबाकी यांतील भेद ओळखण्यास सोपी खूण आहे. आळसावलेला मनुष्य आवडीचे काम समोर येताच ताजातवाना होतो. ज्याची झोप अपुरी आहे तो मात्र आवडीच्या कामातही, शांत बसताक्षणीच, पेंगू लागतो. आणि सुट्टीच्या दिवशी त्यास नेहमीपेक्षा दीड-दोन तास अधिक झोप लागते. अशा मनुष्याने आपणास तामसी म्हणवून घेण्यापूर्वी रात्रीचा हिशेब मांडावा.

तो हिशेब असा. प्रौढ मनुष्यास साधारणपणे रात्री किमान सात तास झोप लागते. साडेचारला उठावयाचे तर साडेनऊपर्यंत झोप लागली पाहिजे. घरात जेवणच नऊला होत असेल आणि त्यानंतर दूरदर्शन व मोबाइल यांत अकरा वाजत असतील, तर हाती साडेपाच तास राहतात. रोज दीड तासाचे ऋण म्हणजे आठवड्याचे साडेदहा तास. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्याने झोपेची ओढ वाढते. झोपेत ते कमी होते. झोप अपुरी राहिली की ही ओढ पुरी उतरत नाही. चहा-कॉफीतील कॅफिन त्या द्रव्याचा परिणाम काही काळ अडविते, ऋण फेडीत नाही. शिवाय शरीरातील निम्मे कॅफिन निघून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. चार वाजता घेतलेल्या कपाचा अर्धा प्रभाव रात्री नऊलाही शिल्लक असतो, आणि दुपारची डुलकी घालविण्यासाठी घेतलेला चहाच रात्रीची झोप हिरावून घेतो.

झोप कापून वजन उतरविणे हे वजन उतरविण्याच्याही विरुद्ध आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्थूल अशा दहा व्यक्तींना सारखाच कमी आहार देऊन १४ दिवस साडेआठ तास व १४ दिवस साडेपाच तास झोपेची मुभा ठेवली. दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखेच, सुमारे तीन किलो, उतरले. परंतु कमी झोपेच्या दिवसांत चरबीची घट निम्म्याहून खाली आली. उरलेली घट मांसपेशी आदी उपयुक्त धातूंची होती, आणि भूकही अधिक लागत असे. प्रयोग लहान आहे. तथापि काट्यावरचा आकडा उतरला म्हणजे मेदच उतरला असे नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

हीच गोष्ट आहाराची. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांचा आहार २४ आठवडे जवळजवळ निम्म्यावर आणला आणि त्यांना आठवड्यास २२ मैल चालावयास लावले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर थकवा, औदासीन्य व चिडचिड आली, अंगात थंडी भरू लागली आणि चित्तात अन्नावाचून दुसरा विषय राहिना. शरीराने विश्रांतीतील आपला खर्चही पुष्कळ कमी केला. अन्नत्यागाने चित्त अन्नातच गुंतते, हा उलटा परिणाम साधकाने लक्षात ठेवावा. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत दंभाने व अहंकाराने शरीरास पीडा देणाऱ्या तपाची निंदा केली आहे, तिचाही विचार येथे करावा.

मग कमी किती करावे? एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. आठवड्यास अर्धा किलो उतरवावयाचा तर रोज सुमारे ५५० किलोकॅलरीची तूट पुरे; तीही थोडी चालण्याने व थोडी आहाराने साधावी. तळलेले पदार्थ, साखर, दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात यांत ती सहज निघते. डाळ, दही, ताक, मोडाची कडधान्ये व भाज्या मात्र कमी करू नयेत. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०·८३ ग्रॅम प्रथिन हे भारतीय प्रौढांसाठी ठरविलेले प्रमाण आहे, आणि वजन उतरविताना ते तरी चुकू नये. पहाटे रिकाम्या पोटी गळल्यासारखे वाटत असेल तर एखादे केळे किंवा दोन खजूर खाऊन निघावे, घामाने गेलेले पाणी भरून काढावे आणि परतल्यावर न्याहारी टाळू नये.

व्यायामाविषयी आयुर्वेदाचा दंडक अर्धशक्तीचा आहे. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असे सांगितले आहे. ज्याने वर्षानुवर्षे व्यायाम केला नाही त्याने आरंभी वीस-पंचवीस मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे आणि दर आठवड्यास थोडे थोडे वाढवावे. आठवड्यास दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम हे निरोगी प्रौढासाठी किमान प्रमाण मानले जाते. एक दिवस विश्रांतीचा ठेवल्याने नियम मोडत नाही, तो टिकतो.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास थोडी सुस्ती येणे हा देहाचा स्वाभाविक क्रम आहे. त्या वेळी भात व मिष्टान्न यांचे जड जेवण टाळावे, जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली करावी. सोय असेल तर पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. त्याहून दीर्घ झोप घेतल्यास रात्र बिघडते. चरकाचार्यांनीही श्रमाने थकलेल्यास दिवसाची झोप मान्य केली आहे, परंतु मेद वाढलेल्यास ती वर्ज्य सांगितली आहे. पेंग येत असता वाहन मात्र कदापि चालवू नये. तेथे क्षणभराची डुलकी स्वतःच्याच नव्हे तर परक्याच्याही प्राणाशी गाठ घालते.

ग्लानीचा उपाय पहाटे नाही, आदल्या संध्याकाळी आहे. झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी, निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा, दिवे मंद करावेत. आणि रात्र अलीकडे येणे शक्यच नसेल तर पहाट पलीकडे न्यावी. साडेपाचला उठून अर्धा तास चालणे, साडेचारला उठून दिवसभर पेंगण्यापेक्षा श्रेयस्कर आहे.

यात एक धर्म गृहस्थाश्रमाचा आहे. गृहस्थ साडेनऊला निजू लागला आणि गृहिणी अकरापर्यंत भांडी आवरून, त्याच्या पहाटेच्या तयारीसाठी चारला उठू लागली, तर त्याचे आरोग्य तिच्या झोपेवर उभे राहिले असे होईल. म्हणून नियम एकट्याने नव्हे, घराने घ्यावा. सर्वांनी साडेसातला जेवावे, आवराआवर वाटून घ्यावी आणि पहाटेचे पाणी ज्याचे त्याने तापवावे. तिलाही चालावयास जाता आले तरच तो नियम शोभेल.

पुरेशी झोप व योग्य आहार घेऊनही दोन-तीन आठवड्यांत थकवा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यांच्या थकव्यास आळस म्हणणे हा अन्याय होय. थायरॉइडचा विकार व मधुमेह हीही कारणे असू शकतात. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडकणे हा स्थूल व्यक्तींत आढळणारा विकार रात्र वरवर पूर्ण दिसूनही झोप पोकळ करतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास वा रिकाम्या पोटी व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये. चालताना छातीत दुखल्यास तेथेच थांबून विनाविलंब उपचार घ्यावेत.

सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती या सर्वांना एकच विशेषण लाविले आहे, ते म्हणजे ‘युक्त’. यांतील एक अंग ताणले की दुसरे तुटते. पहाटेचा गजर लावणे सोपे आहे. रात्री वेळेवर दिवा मालविणे कठीण आहे. जो हे कठीण काम करील, त्याच्या पहाटेच्या व्यायामाचे फळ त्यास दिवसभर लाभेल.