घरभर वायफाय: पैसा आधी तारेत घाला

भूगाव, भुकूम, पिरंगुटचे दुमजली बंगले असोत, हिंजवडी-माणचे मोठे फ्लॅट असोत की पौड-कोळवणकडची शेतघरं, तक्रार सगळीकडे सारखीच असते. हॉलमध्ये इंटरनेट पळतं आणि वरच्या खोलीत मीटिंग अडकते. मग दुकानात गेलं की मेश वायफायचे तीन डबे पुढे येतात. मेश चांगलंच आहे, पण डबे एकमेकांना तारेने जोडले तरच त्याचा पुरता उपयोग होतो. म्हणून खर्चाचा हिशेब तारेपासून सुरू करायला हवा.

आधी तपासणी, मग खरेदी

लॅपटॉप कंपनीच्या राउटरला केबलने जोडा आणि स्पीड तपासा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि केबलवरही ३०च मिळत असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे. तिथे मेशचा उपयोग नाही, तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडेच करा. केबलवर पूर्ण स्पीड येतो आणि खोलीत येत नाही, तरच पुढचा खर्च करा.

त्यातही राउटर कुठे बसवला आहे ते पाहा. फायबर टाकणारा माणूस जिथून वायर आत येते तिथेच, बहुतेक वेळा दाराजवळच्या कोपऱ्यात, डबा ठोकून जातो. तो जिन्याजवळ, घराच्या मध्यावर हलवला की पुष्कळ घरांचं काम तेवढ्यावर भागतं. त्याला लागते ती फक्त दहा-पंधरा मीटर केबल.

तार कशाला?

बिनतारी मेशमध्ये वरचा डबा, म्हणजे नोड, खालच्या नोडकडून हवेतून सिग्नल घेतो आणि पुन्हा हवेतूनच तुमच्या मोबाइलला देतो. स्वस्त, दोन बँडच्या नोडमध्ये ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर होतात, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. तिसऱ्या नोडवर तो आणखी घटतो. मध्ये आरसीसी स्लॅब किंवा जुन्या घराची जाड दगडी भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल पलीकडे जेमतेम पोचतो. तारेला स्लॅब आडवा येत नाही. वरच्या नोडला खालच्याइतकाच स्पीड मिळतो आणि तीनऐवजी दोन नोडमध्ये काम होतं. वाचलेल्या एका डब्याच्या पैशात केबल आणि स्विच दोन्ही येतात.

दुमजली बंगल्याचा अंदाज

तळमजला आणि वरचा मजला मिळून पंधराशे चौरस फूट, केबलचे चार पॉइंट, असं घर धरू. खालचे भाव ढोबळ आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे ते खाली-वर होतील.

- गिगाबिट पोर्ट असलेले २ मेश नोड: ७,००० ते ११,००० रु.
- कॅट-६ तांब्याची केबल, ६० मीटर: १,८०० ते २,७०० रु.
- ५ पोर्टचा गिगाबिट स्विच: १,००० ते १,४०० रु.
- पाइप किंवा केसिंग पट्टी, बॉक्स, जॅक, प्लेट: १,५०० ते २,५०० रु.
- वायरमनची मजुरी, ४ पॉइंट: २,००० ते ३,२०० रु.
- २ मिनी यूपीएस: २,६०० ते ४,००० रु.

बेरीज १६ ते २५ हजारांच्या घरात जाते. भिंतीत झिरी मारून प्लास्टर आणि रंग करायचा असेल तर तो खर्च वेगळा. केसिंग पट्टी भिंतीवरून नेली की तो टळतो.

नोड घेताना खोक्यावरचं पोर्टचं वर्णन वाचा. १०/१०० लिहिलं असेल तर तो नोड तारेवरही १०० एमबीपीएसच्या पुढे जाणार नाही. १०/१००/१००० किंवा गिगाबिट लिहिलेलाच घ्या. इनव्हर्टरवर राउटर आणि नोडचे पॉइंट आधीच असतील तर यूपीएसचे पैसे वाचतील. यूपीएस घ्यायचाच असेल तर नोडच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवून पाहा.

केबल पारखून घ्या

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते. तिच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सीसीए लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ते अॅल्युमिनियम, आतपर्यंत लालसर असेल तर तांबं. अॅल्युमिनियमची तार लवकर तुटते आणि जॅकमध्ये पक्की बसत नाही.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केबल मीटरवर मिळते. ३०५ मीटरचं अख्खं खोकं शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर मीटरमागे स्वस्त पडतं.

काम झाल्यावर वायरमनकडून प्रत्येक पॉइंट टेस्टरवर तपासून घ्या. केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात. एक जरी नीट दाबली गेली नसेल तरी जोडणी चालू दिसू शकते, पण स्पीड १०० वर अडकतो. आठही दिवे क्रमाने लागल्याशिवाय मजुरी चुकती करू नका. विजेच्या वायरच्या पाइपमधून ही केबल कधीही नेऊ नका.

आवारातल्या दुसऱ्या घरापर्यंत

शेतघराच्या आवारात पाहुण्यांची खोली किंवा गडीमाणसाचं घर लांब असतं. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. पण तिथे तांबं टाळण्याचं त्याहून मोठं कारण म्हणजे वीज. वळवाच्या पावसात मुळशीच्या डोंगरांत विजा कडाडतात, आणि दोन इमारतींमधली तांब्याची तार विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणू शकते. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. काचेतून वीज वाहत नाही. मात्र आत धातूची तार नसलेलीच फायबर मागून घ्या.

सत्तर मीटरवरच्या खोलीसाठी ८० मीटर फायबर (८०० ते १,२०० रु.), गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची जोडी (२,००० ते ३,००० रु.), दोन्ही टोकांचं जोडकाम (८०० ते १,२०० रु.), एचडीपीई पाइप (१,६०० ते २,४०० रु.), चर खणणं (३,२०० ते ४,८०० रु.) आणि एक नोड (३,५०० ते ५,५०० रु.) धरा. एकूण १२ ते १८ हजार. शेताला पाण्याची पाइपलाइन टाकायची असेल तर त्याच चरात हा पाइप घाला. खणण्याचा खर्च वाचेल.

जोडणीचा क्रम

कंपनीचा राउटर (मोडेम), मग मुख्य नोड, मग स्विच आणि स्विचवरून बाकीचे नोड, असाच क्रम ठेवा. बाकीचे नोड थेट मोडेमला जोडले तर नेटवर्क गोंधळतं. मोडेम आणि मेश दोघंही राउटरचं काम करत राहिले तर कॅमेरे आणि प्रिंटर एकमेकांना सापडत नाहीत. त्यासाठी कंपनीला मोडेम ब्रिज मोडवर टाकायला सांगा. ते जमत नसेल तर मेशच्या अॅपमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड निवडा. मोडेमचं जुनं वायफाय बंद करा, नाहीतर मोबाइल त्यालाच चिकटून राहील. टीव्ही आणि कामाचा कॉम्प्युटर स्विचवरून तारेनेच जोडा. तेवढी हवा मोबाइलसाठी मोकळी होते.

आमचा सल्ला

दोन खोल्यांच्या घराला मेश घेऊ नका. चांगला राउटर मध्यावर बसवा, तेवढं पुरतं. दुमजली घराला दोन नोड आणि तांब्याची तार ही योग्य खरेदी. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर आधी पाइप आणि केबल, नोड नंतर. पाच-सहा वर्षांत नोड जुना होतो. भिंतीतली चांगली केबल तसे दोन-तीन नोड पाहते.

प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी किती ते विचारा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि घराचं बांधकाम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवायला गवंड्याला आजच सांगा.