मुलांच्या शिक्षणात पालकांचा वाटा



दहावी-बारावीच्या मुलांसाठी मिस्सामध्ये प्रार्थना करावी अशा चिठ्ठ्या येऊ लागल्या की परीक्षा जवळ आली हे कळते. या चिठ्ठ्या जरूर द्याव्यात. पण चिठ्ठी देताना अनेक पालक एक वाक्य हमखास बोलतात : "फादर, आम्हाला त्यातलं काय कळतंय? क्लासची फी भरलीया, आता पुढं देवाची इच्छा." या वाक्याबद्दलच आज लिहायचे आहे. कारण यातला पहिला भाग खरा असला, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

संत लूककृत शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचा शेवट (२:४१-५२) पाहा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारत होता. तीन दिवस शोधून थकलेल्या आईवडिलांना त्याने जे उत्तर दिले ते त्यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. आपला मुलगा आपल्या पुढे गेला, त्याची भाषा आपल्याला कळेना, हा अनुभव पवित्र कुटुंबालाही आला. तरीही तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढला. मारियेने "मला काय कळतंय" म्हणून अंग काढून घेतले नाही. तिने त्याला जाब विचारला आणि सगळे मनात जपून ठेवले.

संत थॉमस अक्विनास यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती रोग्याच्या शरीरातच असते, वैद्य तिला मदत करतो. तसेच शिकणे हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बुद्धीत घडते. शिक्षक त्याला वाट दाखवतो, त्याच्या वतीने शिकू शकत नाही. हे मान्य केले, तर लाखभर रुपये फी घेणारा क्लासही मुलाच्या जागी बसून शिकणार नाही हे उघड आहे. हीच उपमा मी घरापर्यंत नेतो. आजारपणात औषध डॉक्टरचे असते. पण पेज कोण देते, उशाशी कोण बसते, झोप मोडू नये म्हणून दार कोण लावते? त्यासाठी डॉक्टरची पदवी लागत नाही. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात पालकांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पालकांच्या शिक्षणाची अट तेथे घातलेली नाही.

आपल्या बावड्यालाही याबाबतीत सांगण्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथल्याच लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दंड मुलाला नव्हे, शिक्षकालाही नव्हे, पालकाला. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याआधीच, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहे उभी केली होती : मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी आणि ख्रिस्ती मुलांसाठीही. शाळेत नाव घातले म्हणजे काम झाले, असे महाराजांनी मानले नाही. शाळा सुटल्यावर मूल कोठे बसते, काय खाते, कोणाच्या सोबतीने वाचते, यावर बरेच काही ठरते हे त्यांना ठाऊक होते.

आज आपल्या मुलांना शिकण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. इंजिनिअरिंग कॉलेज बावड्यात, शिवाजी विद्यापीठ शहरातच. पण दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू, पाहुणे बसलेले, आणि दारामागे मुलगी गणित सोडवते आहे, असे चित्र मी घरभेटीत पुष्कळदा पाहतो. ज्या सोयीसाठी वसतिगृहे बांधली, ती दोन तासांपुरती घरात करता येते. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ टीव्ही बंद, आणि सगळ्यांचे मोबाईल एका ठिकाणी. 'सगळ्यांचे' यात वडीलही आले. अंथरुणात पडून मोबाईल बघणाऱ्या बापाने "अभ्यास कर" म्हटले, तर मूल मनात काय म्हणत असेल ते येथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, मुलाला "किती मार्क पडले?" याऐवजी "आज काय शिकलास ते मला सांग" असे विचारा. शाळेचे तोंड न पाहिलेली आईसुद्धा हे करू शकते. तिला समजेल असे सांगता आले, म्हणजे त्याला ते समजले आहे. सांगताना तो अडखळला, तर कोठे अडले ते त्याचे त्यालाच कळते.

बारावीनंतरचा विचार मात्र अकरावीतच सुरू करावा. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज महागात पडतो. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. मुलाने यातले कोणते ठरवले आहे, आणि ते त्याने ठरवले की चुलत्याच्या मुलाकडे बघून आपण, हे शांतपणे विचारा.

निकालाच्या दिवशी घरी यायला मूल घाबरणार नाही, एवढी खात्री त्याला आधीच द्या. निकालानंतर नव्हे. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. या गोष्टी मुलांना माहीत असतात. घरच्यांना माहीत आहेत, हे त्यांना माहीत नसते.

शेवटी कागदपत्रे. येथे पालकांवाचून कोणाचे चालत नाही आणि नेमके येथेच आपण मागे राहतो. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होतो. त्याचा जातीचा दाखला काढण्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बहुधा तो आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात सापडतो. मग जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गीय कुटुंबातील मुलींना, केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश मिळाल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हुशार मुलीचा प्रवेश एका कागदासाठी अडला, तर त्याला देवाची इच्छा म्हणता येणार नाही.

ज्यांच्या घरी मूल नववीत किंवा दहावीत आहे, त्यांनी या आठवड्यात ट्रंक उघडून आजोबांचा दाखला शोधावा. सापडला नाही, तर ते ज्या शाळेत शिकले तेथे दाखल-खारीज रजिस्टर पाहण्यासाठी अर्ज करावा लागेल. अर्ज लिहिता येत नसेल, तर रविवारी मिस्सा संपल्यावर ऑफिसात या, मी लिहून देईन. येताना मुलालाही बरोबर आणा.