परसबाग आणि माशांचं छोटं तळं : आधी पाण्याचा हिशोब



मागच्या पाठात आपण परसबागेसाठी जागा कशी निवडायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच गटांतून एकच विचारणा झाली. "ताई, बागेला लागून खड्डा खणून मासे सोडले तर?" सोडता येतात. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा : त्या तळ्याचं पाणी कुठून येणार आणि कोणाच्या डोक्यावरून येणार?

आपल्या कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे उघड्या खड्ड्यात नुसतं आभाळातून पडणारं पाणी साठवलं तर तीन मीटर उंचीचं होईल. तरी एप्रिल-मे आला की आपण हंडा घेऊन विहिरीवर रांगेत उभ्या असतो, कारण जांभा पाणी धरत नाही. तेव्हा आजच्या पाठाचा गाभा एवढाच : पावसाने भरणारं तळं करा, हंड्याने भरावं लागणारं नको.

खड्डा केवढा?

सुरुवातीला १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल पुरे. बाजू थोड्या उतरत्या ठेवायच्या, म्हणजे तळाशी तो ११ फूट बाय ६ फूट होतो. साडेतीन फूट पाणी भरलं की साधारण १० हजार लिटर साठा होतो. एवढा खड्डा दोन माणसं कुदळ-फावड्याने खणू शकतात. मात्र खाली कातळ लागला तर तिथेच थांबा, जागा बदला.

जांभ्याच्या जमिनीत प्लास्टिक कागद घालावाच लागतो. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा घ्या. या मापाला २३ फूट बाय १८ फूट कागद लागेल; त्यात काठावर दाबायला दीड-दीड फूट धरलेला आहे. कागद घालण्याआधी टोकदार दगड आणि मुळं काढा, वर बारीक माती पसरा आणि जुनी पोती अंथरा. एक खडा बोचला तरी गणपतीपर्यंत भरलेलं तळं दिवाळीला रिकामं दिसतं.

खड्डा मोठ्या झाडाखाली नको, पानं कुजतात. घराच्या उताराच्या वरच्या अंगालाही नको, पाणी झिरपून जोत्यात शिरेल. अंगणातलं आणि गोठ्यातलं वाहतं पाणी आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी एक फुटाचा बांध घाला. एका कोपऱ्यात जादा पाणी जायला पाईप ठेवा आणि त्याला जाळी बांधा. जाळी नसेल तर आषाढातल्या एका रात्रीत मासे शेजारणीच्या भातात!

कुंपणाशिवाय पाणी भरायचं नाही

हा नियम पाठ करा. लहान मूल दीड फूट पाण्यातही बुडतं, आणि ओला प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. चार फूट उंच, दाट कुंपण घाला. दाराला कडी लावा, ती मुलांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर हवी. गाठी मारलेले दोन जाड दोर काठावरच्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडून ठेवा. ज्या घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल आहे, त्यांनी यंदा फक्त परसबाग करावी. तळं दोन वर्षांनी केलं तरी चालेल.

मासे कोणते, किती?

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकत्र राहतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे खाण्यावरून भांडण नाही. थाई मांगूर कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. त्याला देशात बंदी आहे.

मत्स्यजिरे किंवा बारीक बीज न घेता बोटाएवढी बोटुकली घ्या, ती तगते. ऑगस्टमध्ये तळं भरलेलं असतं तेव्हा सोडा. पिशवी आधी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं, आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्यायचे. एकदम ओतलं की बरेच मरतात.

आकडा लक्षात ठेवा : एका चौरस मीटरला एक मासा. आपल्या खड्ड्याला १२ ते १५. "एवढेच?" असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी मी ६० सोडले आणि उरलेला भात रोज टाकत गेले. पाणी हिरवंगार झालं, मी खूश. एका ढगाळ रात्रीनंतर पहाटे पाहते तर सगळे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. सकाळी ४० मेलेले होते.

नंतर कारण कळलं. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेच प्राणवायू घेतं. कुजणारा भातही घेतो. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पहाटे वर येऊन धापा टाकत असतील तर त्या दिवशी खाणं बंद करा. बादलीने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत तळ्यात ओतत राहा, आणि थोडं पाणी बागेला काढून ताजं घाला.

खाणं म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समसमान मिसळा. मासे १०० ग्रॅमचे झाले तरी सगळ्यांना मिळून रोज एक लहान मूठ पुरते. अर्ध्या तासात संपेल एवढंच द्या. तेलकट, खारट उष्टं टाकू नका. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा किलो शेण पाण्यात कालवून घाला. पाणी तपासायला हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. अजिबात दिसत नसेल तर शेण आणि खाणं दोन्ही थांबवा.

डासांची काळजी वाटत असेल तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा. ते डासांच्या अळ्या खातात.

बाग : सात वाफे

तळ्याच्या खालच्या अंगाला ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे सात वाफे करा. तीन फूट रुंदी अशासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पावसाळ्यात गादीवाफे हवेत, नाहीतर मुळं कुजतात.

जूनमध्ये भेंडी, चवळी, काकडी, दोडका, पडवळ लावा. दसऱ्यानंतर लाल माठ, मुळा, मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, वाल. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका. पालेभाजीचा एक वाफा पेरला की दहा दिवसांनी दुसरा. नाहीतर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटावी लागते आणि पुढच्या आठवड्यात विकत आणावी लागते. दोडक्याचा किंवा कारल्याचा मांडव तळ्याच्या पश्चिमेला करा, दुपारच्या उन्हाची झळ कमी होईल. सगळं तळं मात्र झाकू नका.

कडेला शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू. साबणाचं पाणी तळ्यात कधीच जाऊ द्यायचं नाही. कीटकनाशकही नाही. निंबोळी अर्क भाजीला चांगला, पण माशांना तोही बाधतो. तळ्याजवळच्या वाफ्यात फवारू नका, हाताने किडी वेचा.

बी गावठी घ्या आणि दरवर्षी प्रत्येक भाजीचं एक चांगलं फळ बियाण्याला राखा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बियाणं जपलं, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता पाण्याचा हिशोब

पाऊस थांबल्यावर सात वाफ्यांना रोज साधारण ८० लिटर पाणी लागतं. तळ्यातून उन्हा-वाऱ्याने आणखी ६० लिटर उडून जातं. दोन्ही मिळून १४०. आपला साठा १० हजार लिटर. भागाकार करा : ७० दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून मोजलं तर जानेवारीच्या अखेरपर्यंत.

म्हणजे ज्यांच्याकडे फक्त पावसाचं पाणी आहे, त्यांनी जानेवारीत पाणी गुडघ्याएवढं झालं की मासे काढायला सुरुवात करायची. तोवर मासा पाव किलोच्या आसपास होतो. १५ सोडलेल्यांपैकी १२ हाती लागले तरी एकूण तीन किलो. घरच्या विहिरीचं किंवा बारमाही झऱ्याचं पाणी पाईपने येत असेल तर मासे वर्षभर ठेवता येतात आणि ते मोठे होतात. पण हंड्याने आणायचं असेल तर नाही. एप्रिल-मेमध्ये तळ्यातून रोज ९० लिटर पाणी उडतं. म्हणजे १५ लिटरच्या सहा कळशा फक्त उन्हाला! तीन किलो माशांसाठी हा भार आपल्या मानेवर घ्यायचा नाही.

तळं रिकामं झालं की तळातला गाळ पपई-केळीला घाला, कागद तपासून ठिगळ लावा आणि पावसाची वाट बघा. उन्हाळ्यात शेवगा, कढीपत्ता, अळू आणि केळी सांडपाण्यावर तगतात. बाग पूर्ण थांबत नाही.

कर्ज घ्यायचं का?

तीन किलो मासे विकून कागदाचे पैसे फिटत नाहीत, हे स्पष्ट सांगते. या तळ्यातून मिळतं ते पावसाळ्यानंतर सव्वादोन महिने भाजीला घरचं पाणी, आणि वर मासे. म्हणून गटातून मोठं कर्ज काढू नका. आधी एक वर्ष फक्त बाग करा. आठवड्याला भाजीवर किती पैसे वाचले ते वहीत लिहा. त्या बचतीतून कागदाचा निम्मा खर्च निघत असेल तरच पुढे जा. शेजारच्या दोघी मिळून एक तळं केलं तर आणखी बरं. मोठं तळं करून मासे विकायचे असतील तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या गटात दहा जणी असतील तर पाच-सहा जणी. भाजी दारात पिकते, आमटीत मासा पडतो, आणि वाढता वाढता आपल्या ताटात उरतो तो रस्सा. असं असेल तर बाग कोणासाठी केली? पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह लागू देत नाही. आणि माशाची एक तुकडी आधी स्वतःच्या ताटात वाढून ठेवा. पहिल्या दिवशी अवघड वाटेल, पण सवय होते.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरी मे महिन्यात रोज किती हंडे पाणी आणावं लागतं? कोण आणतं?
२. आपल्या वाडीत पावसाचं पाणी धरता येईल अशी जागा कोणाकोणाकडे आहे? तिथे लहान मुलं आहेत का?
३. काल रात्री आपल्या ताटात काय होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एका गावठी भाजीचं मूठभर बी घेऊन या. वाटणी तिथेच करू.