संगणक-खरेदीपूर्वीचे पाच प्रश्न

रायगड किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींत व शाळांत संगणक ही आता नवलाई राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपले. अशा वेळी जुने यंत्र काढून सर्वांत महागडे घ्यावे, असा विचार सहज मनात येतो. पैसा जनतेचा असल्याने आधी पाच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

पहिला, काम कोणते? दाखले, तक्ते, पत्रव्यवहार यांस मध्यम क्षमतेचा संगणक पुरतो. चित्रफितींचे संपादन किंवा मोठे नकाशे व आराखडे करावयाचे असतील, तरच शक्तिमान प्रोसेसर व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांवरील खर्च सार्थकी लागतो.

दुसरा, जुने यंत्र मंद का? पुष्कळदा दोष फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा असतो. एसएसडी बसवून व रॅम वाढवून तेच यंत्र चपळ होते. मात्र टीपीएम २.० नसलेल्या, तसेच इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. हे तपासल्याविना त्यांवर खर्च करू नये.

तिसरा, नवे यंत्र पुढे वाढविता येईल काय? मदरबोर्डवर रॅमची जागा मोकळी हवी. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही. पुढे ग्राफिक्स कार्ड घालावयाचे असल्यास वीजपुरवठा संचाची क्षमता आजच पाहावी.

चौथा, किनाऱ्यावर ते टिकेल काय? खाऱ्या, दमट हवेने धातूचे जोड गंजतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड भागांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. उत्तम अर्थिंग, काम जतन करण्यापुरता यूपीएस आणि अभिलेखांची दूरच्या गावी ठेवलेली प्रत यांची तरतूद अंदाजपत्रकातच असावी.

पाचवा, जुने यंत्र केव्हा काढावे? याचे उत्तर अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्याचे ठरले. १९०४ मध्ये येथील वेधशाळा सुरू झाली. तरी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यांचा मेळ घालता आला, म्हणूनच ती नोंदमाला अखंड राहिली. करवसुलीच्या वा पटाच्या नोंदींनाही तोच न्याय लावावा. नव्या यंत्रावर सर्व नोंदी उघडतात, छापल्या जातात, अशी खात्री होईपर्यंत जुने यंत्र निर्लेखित करू नये.

या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागणीपत्रास जोडल्यास खरेदीचा निर्णय सभेपुढे ठेवणे सुकर होईल आणि निधीचाही योग्य विनियोग होईल.