मत कोणाला देता येते?

आपला भारत देश लोकशाही देश आहे. लोकशाही म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी चालवलेला कारभार. इंग्रजांच्या काळात सगळ्यांना मत नव्हते. जमीन असलेल्या, कर भरणाऱ्या किंवा शिकलेल्या थोड्याच लोकांना होते. २६ जानेवारी १९५० ला आपले संविधान लागू झाले. त्यातल्या ३२६ व्या कलमाने सर्व प्रौढांना मताचा हक्क दिला. गरीब-श्रीमंत, बाई-माणूस, जातपात काही बघायचे नाही. कलेक्टरसाहेबांचे एक मत आणि माझ्या आजीचेही एकच मत.

मतदाराला या अटी असतात :

१) तो भारताचा नागरिक पाहिजे.

२) वय १८ वर्षे पूर्ण पाहिजे. आधी २१ वर्षे होते. १९८९ साली १८ झाले.

३) तो त्या गावचा राहणारा पाहिजे. ऊसतोडीला चार महिने गेले तरी घर गावातच असते, म्हणून हक्क जात नाही.

४) मतदार यादीत नाव पाहिजे, तेही एकाच ठिकाणी.

तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याला मत देता येत नाही.

चौथी अट फार महत्त्वाची आहे. २०२४ साली लोकसभेच्या वेळी आमच्याच शाळेत मतदान होते. मी आईबरोबर आले होते. आई उन्हात रांगेत उभी राहिली. तिच्याजवळ कार्ड होते, पण यादीत नाव नव्हते. ते अजून मामाच्या गावच्या यादीत होते. आई घरी येऊन गप्प बसली. बाबा म्हणाले, "एका मतानं काय होतंय?" आई म्हणाली, "मग तुम्ही कशाला दिलं?" बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच अर्ज आणला. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला आईने मत दिले. बोटाची शाई तिने सगळ्यांना दाखवली.

गुरुजींनी सांगितले, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुष्कळ बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई असेच सांगितले. त्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली.

म्हणून पालकांनो, निवडणुकीच्या आधीच यादी बघा. आपल्या आईचे, सुनेचे नाव आहे का तेही बघा. माझे नाव यायला अजून आठ वर्षे आहेत. मी ते स्वतः सांगणार आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी