गॅसचा कारागीर आणि त्याचें प्रमाणपत्र

वरवट बकालच्या पंचक्रोशींत पऱ्हाट्यांची चूल अजून कोठें कोठें पेटते, परंतु इ. स. २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून तांबडी टाकी गरिबाच्या घरींही आली आहे. ती टाकी आणणारा, शेगडी दुरुस्त करणारा आणि शहरांत भुईखालून गॅसचे नळ घालणारा, या तिघांस आपण साधे मजूर समजतों. त्यांच्या विद्येविषयीं विद्यार्थ्यांस व पालकांस चार शब्द सांगावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गॅसचा स्वभाव पाहूं. टाकींतील गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला असतां जमिनीलगत पसरतो व ओट्याखालीं, मोरीच्या खळग्यांत दडून बसतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें दोन झालें, कीं ठिणगीचाच काय तो उशीर! त्यास स्वतःचा वास जवळजवळ नसतो. जो उग्र दर्प आपणांस येतो तो मर्कॅप्टन नांवाचें द्रव्य मुद्दाम मिसळल्यामुळें येतो.

अशा दर्पाची सक्ती कशी आली, हें प्रत्येक शाळेनें जाणावें असें आहे. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यू लंडन येथील शाळेनें खर्च वाचविण्यासाठीं जवळच्या तेलक्षेत्रांतील नळांतून वाया जाणारा गॅस आपल्या इमारतीस जोडून घेतला. जोडणींत दोष राहिला. गॅस इमारतीखालच्या पोकळींत सांचत गेला. वास नसल्यामुळें कोणासही कळलें नाहीं. ता. १८ मार्च १९३७ रोजीं, शाळा सुटण्यास जेमतेम पाव तास उरला असतां, हस्तव्यवसायाच्या शिक्षकांनीं एक यंत्र सुरू केलें. त्याच्या ठिणगीनें इमारत उडाली. सुमारें तीनशें मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्याच वर्षीं टेक्सासनें गॅसमध्यें दुर्गंध मिसळणें सक्तीचें केलें, आणि अभियंत्यांच्या नोंदणीचाही कायदा केला. द्रव्य आणि माणूस, दोहोंचीही पारख हवी हें तेथें कळलें, पण फार मोठें मोल देऊन.

माणसाची पारख कां? मुंबईंत महानगर गॅस कंपनी १९९५ सालीं स्थापन झाली. तेथें गॅस घरोघर नळानें जातो. जमिनींतील प्लॅस्टिकचे नळ उष्णतेनें वितळवून एकजीव करतात. तत्पूर्वीं नळाचा वरचा पापुद्रा खरवडावा लागतो, तोंडें स्वच्छ व सरळ धरावीं लागतात, आणि सांधा पुरता निवेपर्यंत पकड सोडतां येत नाहीं. घाईनें पकड आधीं काढली, तरी सांधा वरून चांगलाच दिसतो! दोष कित्येकदां पुढें वर्षांनीं उघडा पडतो, तोंवर नळावर माती व मातीवर रस्ता झालेला असतो. केवळ सांधा पाहून खात्री होत नाहीं, म्हणून सांधणाऱ्याचा हात आधीं पारखून घ्यावा लागतो. प्रमाणपत्र म्हणजे ही पारख. तें भिंतीवर टांगण्याचें भूषण नव्हे.

इंग्लंडांत लंडन शहरीं १९६८ च्या मे महिन्यांत रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटानें ढांसळला व चौघे मेले. कारण काय, तर शेगडीच्या जोडणींतील एक कमअस्सल पितळी चाकी. त्यानंतर १९७० सालीं कारागिरांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. तिची जागा २००९ सालीं ‘गॅस सेफ रजिस्टर’नें घेतली. त्या कारागिराच्या ओळखपत्राच्या पाठीमागें त्यास कोणतीं कामें करतां येतात हें लिहिलेलें असतें, आणि सामान्यतः दर पांच वर्षांनीं त्याची पुन्हां परीक्षा होते. गृहिणीस दारांतच तपासतां येईल अशी ही सोय मला फार आवडते.

आपल्याकडे टाक्यांच्या सुरक्षिततेचे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचें मुख्य कार्यालय विदर्भांतच, नागपुरास आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्या पायावर पुढें गॅसच्या कामाचें विशेष शिक्षण घेतां येतें. ज्या मुलाचा हात स्थिर आहे व ज्यास घाई नाहीं, त्याच्या पालकांनीं हा मार्ग हलका मानूं नये.

टाकी दारीं आली, कीं मुलांनींही थोडें गणित करावें. टाकीवर रिकामें वजन कोरलेलें असतें. तें १५.९ किलो असेल, तर १४.२ किलो गॅस धरून कांटा ३०.१ दाखवील. कड्याच्या आंतील पट्टीवर ‘बी-२७’ असें अक्षर असेल, तर २०२७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीपर्यंत त्या टाकीच्या परीक्षेची मुदत आहे. ए, सी व डी हीं अक्षरें बाकीच्या तिमाह्यांचीं. आणणाऱ्या माणसाकडून टाकी वजन करून व झडप तपासून घ्यावी. तें त्याचें कामच आहे. गळती भासल्यास दिव्याचें बटण चालू किंवा बंद न करतां दारेंखिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.